थॉर खरंच आहे, मग चर्चमध्ये कोण जातं?

गंगापूररोडकर

घरात रंगकाम काढलंय. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली तर तळाशी इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा निघाला. सुतळीने बांधलेला, वरच्या दोन अंकांना कसर लागलेली. भाचा सुट्टीला आलाय, वय अकरा. त्याला वेताळ-मॅन्ड्रेक माहीत नाहीत, पण अमेरिकेतलं मार्व्हल कॉमिक्स-सिनेमे तोंडपाठ. ट्रंकेपाशी मांडी घालून अंक चाळता चाळता त्याने एकदम विचारलं, "मामा, त्यांच्या जगात थॉर खराच आहे ना? सगळ्यांनी टीव्हीवर बघितलाय. मग लोक चर्चमध्ये कशाला जातात?"

त्याचं म्हणणं असं. २०१२ च्या ॲव्हेंजर्समध्ये थॉर, म्हणजे नॉर्स लोकांचा विजांचा देव, समोर विजा पाडतोय, आणि कॅप्टन अमेरिका म्हणतो की देव एकच आहे आणि तो असले कपडे घालत नाही. पब्लिक हसलं, सीन पुढे गेला. पण खरंच, ज्या गावात देव येऊन हॉटेलात जेवून जातो तिथे रविवारी सकाळी चर्चमधला फादर सांगणार काय?

मी "अरे, ज्याची त्याची श्रद्धा असते" असं काहीतरी पुटपुटलो आणि रंगवाल्याकडे सटकलो. तेव्हापासून डोक्यात तेच. लिहिणाऱ्यांना महिन्याच्या महिन्याला अंक खपवायचा होता, धर्मशास्त्र लिहायचं नव्हतं. पण साठ-ऐंशी वर्षं एकावर एक गोष्टी रचल्या की त्यातून न बोललेलं बरंच काही साचतं, धर्माबद्दल आणि राजकारणाबद्दलही. तुम्हाला काय काय दिसलंय?

मिसळ विना कांदा

पहिला! जागा धरून ठेवतो. पाव जास्तीचे सांगा.

स्पष्टवक्ता नाशिकरोड

कैच्याकै विषय. पोरांच्या चित्रांच्या पुस्तकात कशाला शोधायचं राजकारण? वाचा, टाकून द्या. आम्ही चांदोबा वाचला, वेताळ प्रेतात शिरतो म्हणून कोणी मोर्चे काढले नाहीत.

तिसरी चौकट

मुळात राजकारण होतंच हो, शोधावं लागत नाही. सुपरमॅन पहिल्यांदा छापला १९३८ मध्ये, ॲक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात (अंकावर तारीख जूनची). करणारे दोन तरुण, जेरी सीगल आणि जो शुस्टर, क्लीव्हलंडला राहणारे, ज्यू स्थलांतरितांची मुलं. त्या अंकात परग्रहावरचा राक्षस नाही की काही नाही. एका निरपराध बाईचा मृत्युदंड थांबवायला तो गव्हर्नरच्या घरात दार तोडून घुसतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला उचलून आपटतो, आणि देशाला युरोपातल्या भानगडीत ओढू पाहणाऱ्या दलालाच्या मागे लागतो.

आठव्या अंकात (जानेवारी १९३९) तर कमाल आहे. गरीब वस्तीतली पोरं गुन्हेगारीकडे वळतात कारण घरंच तशी आहेत, असं तो ठरवतो. वादळात पडझड झाली की सरकार नवी घरं बांधून देतं हे त्याने पेपरात वाचलेलं असतं. म्हणून स्वतःच अख्खी झोपडपट्टी पाडतो. सरकार झक मारत नवी घरं बांधतं. समाप्त.

शालिमार चौक

पात्र-अपात्रची यादी कोणी केली? भाडेकरूंचं काय? संक्रमण शिबिर कुठे होतं? कॉमिक्स राहू द्या, हे प्रश्न आमच्या गल्लीत आजही विचारतात.

सिडकोची सई

@शालिमार चौक, हसले पण खरं आहे. पाडणारा चांगल्या मनाचा आहे म्हणून पाडणं चांगलं, हे आपण किती पटकन मानून टाकतो. बुलडोझर उडत येतो आणि त्याच्या छातीवर एस लिहिलंय, एवढाच फरक.

तिसरी चौकट

आणि गंमत म्हणजे लिहिणाऱ्यांची बाजू गरिबांचीच होती. म्हणूनच धागाकर्त्याचा 'न बोललेलं' हा शब्द पटला.

त्याचं पुढे काय झालं तेही सांगतो. १९५४ मध्ये तिकडे कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असा मोठा गदारोळ झाला आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःच एक नियमावली केली, कॉमिक्स कोड. रक्त, भुतं, बायकांचे कपडे यांबद्दल नियम होतेच, पण एक नियम असा की पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं त्यांना दाखवायचं नाही. म्हणजे १९३८ चा सुपरमॅन १९५४ नंतर छापताच आला नसता! मग उरलं काय? परग्रहावरचे राक्षस आणि माथेफिरू शास्त्रज्ञ. व्हिलन जग बदलायला निघतो आणि हीरो ते होतं तसं परत ठेवतो. पुढचा सगळा साचा तोच. काही बदलायचंय म्हणणारा माणूस शेवटी वेडा निघतोच.

ओझरचा फिटर

मंडळी, मी एचएएलमधून, म्हणजे ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त. आमचा कारखाना १९६४ चा आणि इंद्रजालही १९६४ चं, त्यामुळे जिव्हाळा जरा जास्त. नाशिकरोड स्टेशनच्या स्टॉलवर अंक यायचा. वडील देवळालीहून येताना आणायचे, नाही आणला तर मी जेवायचो नाही.

वेताळ, म्हणजे मूळचा फँटम, ली फॉक यांनी १९३६ मध्ये काढला. तेव्हा कळलं नाही, पण आता नातवाला वाचून दाखवताना घशात अडकतं. जंगलात एक गोरा माणूस कवटीच्या सिंहासनावर बसलाय. भोवती बुटके काळे लोक. तो मरतच नाही असं त्यांना वाटतं, कारण बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. चारशे वर्षं! म्हणजे घराणेशाही वर देवपण, आणि तेही फसवून. त्याच्या न्यायावर अपील नाही. आणि हे सगळं आम्ही, नुकतेच गोऱ्यांच्या राज्यातून सुटलेले लोक, पैसे देऊन आनंदाने वाचत होतो.

इंद्रजालवाल्यांना थोडं खटकलं असावं. मूळ गोष्टीतलं देशाचं नाव आपल्या बंगालची आठवण करून देणारं होतं, त्याचं आपल्याकडे 'डेंकाली' केलं. चाच्यांच्या टोळीचं नाव 'सिंग', त्याचं 'सिंगा' केलं. नावं बदलली, सिंहासन तिथेच.

मिसळ विना कांदा

काका, डेंकाली आफ्रिकेत की आशियात हे तुम्हाला कधी कळलं का? वाघ पण आहेत, सिंह पण आहेत.

ओझरचा फिटर

कळलं नाही, आणि तेव्हा विचारलंही नाही. जंगल म्हणजे जंगल.

वेंगुर्ल्याची लेक

फिटरकाका, तुमच्या प्रतिसादामुळे लॉगिन केलं. बारा वर्षं नाशकात आहे, माहेर वेंगुर्ल्याकडचं.

लहानपणी दादाने इंद्रजालचा अंक आणला आणि वर लिहिलेलं 'वेताळ'. आजीने चष्मा लावून चित्र बघितलं, जांभळे घट्ट कपडे, डोळ्यांवर पट्टी, कमरेला पिस्तुलं. म्हणाली, "ह्यो खंयचो वेतोबा?" आमच्याकडे आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. भली मोठी उंच मूर्ती. त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या चपला वाहतात. माणसाच्या मापाच्या नाहीत, हातात धरल्या तर कोपरापर्यंत येतील एवढ्या. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपला झिजतात, म्हणून नव्या वाहायच्या. देवळात ठेवलेल्या जुन्या चपलांचे तळवे आजीने मला दाखवले होते. मी बोट फिरवून बघितलं होतं. टाचेकडे गुळगुळीत.

आता बघा, फँटमचं इंग्रजी बिरुद काय? चालणारं भूत. भाषांतर करणाऱ्याला एवढं सगळं डोक्यात असेल असं वाटत नाही, चटकन सुचलं म्हणून वेताळ केलं असणार. पण कोकणातल्या पोरांच्या हातात तो अंक पडला तेव्हा आमच्या राखणदाराला गोरा चेहरा आणि पिस्तुलं मिळाली. दादा बरीच वर्षं म्हणायचा की वेतोबाकडे घोडा आहे.

सिडकोची सई

दंडवत ताई. या प्रतिसादासाठी धागा वसूल.

स्पष्टवक्ता नाशिकरोड

मान्य, हा प्रतिसाद आवडला. पण यातून सिद्ध काय होतं? दादा बिघडला का?

वेंगुर्ल्याची लेक

दादा बँकेत आहे. बिघडला की नाही ते वहिनीला विचारावं लागेल.

कोर्टाच्या पायरीवर

बॅटमॅनबद्दल कोणी बोललंच नाही, मी सीबीएसजवळ रोज काळा कोट घालून उभा असतो म्हणून मीच बोलतो.

समजा गोदाघाटावर मुखवटा घातलेल्या माणसाने चोर पकडला. ठीक आहे, खाजगी व्यक्तीला अटक करता येते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४०. पण गुन्हा त्याच्या समोर घडलेला हवा, दखलपात्र आणि अजामीनपात्र हवा, आणि सहा तासांच्या आत आरोपी पोलिसांच्या हवाली करायला हवा. दिव्याच्या खांबाला उलटा टांगून निघून जाणं म्हणजे हवाली करणं नव्हे.

पुढे. पुरावा. बेकायदा झडतीत मिळाला म्हणून पुरावा आपोआप बाद होत नाही, १९७४ च्या पूरनमल निकालापासून आपल्याकडे तसंच आहे. म्हणजे बॅटमॅनने आणलेल्या फायली चालतील. पण साक्ष? पिंजऱ्यात उभं राहून नाव, वय, धंदा, राहणार सांगावं लागेल. उलटतपासणीत मी पहिला प्रश्न विचारेन, "मुखवटा काढता का?"

आणि खरी मेख कबुलीत आहे. आरोपीला गच्चीवरून लोंबकळत ठेवून कबूल करून घेतलंय. धमकी देऊन घेतलेला कबुलीजबाब बाद होतो, पण तो 'अधिकारपदावरच्या व्यक्ती'च्या धमकीने घेतलेला असला तर. बॅटमॅन साधा नागरिक म्हणावा, तर वाद घालता येईल. पण पोलीस आयुक्त गच्चीवर जाऊन दिवा लावून त्याला बोलावतात! आकाशात शासकीय खर्चाने त्याचं चिन्ह उमटतं! यापेक्षा अधिकारपद ते काय? तो दिवा लावला त्या क्षणी बॅटमॅनच्या गॉथम शहरातले सगळे कबुलीजबाब गेले. म्हणूनच तो जोकर दर महिन्याला बाहेर येतो, लोक उगाच त्याला ठेवतात त्या अर्कम वेड्यांच्या इस्पितळाच्या भिंतींना नावं ठेवतात.

मिसळ विना कांदा

वकीलसाहेबांना जोकरचं वकीलपत्र मिळालेलं दिसतंय.

कोर्टाच्या पायरीवर

फी आगाऊ घेतो.

सातपूर दुसरी पाळी

ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्यामागचा बॅटमॅन, मालक आहे. शहरातली निम्मी कामं त्याच्या कंपनीकडे. रात्री गल्लीत फिरून तो ज्यांना बडवतो ते कोण? बेकार झालेली पोरं, गोदामातले हमाल. बडवण्याऐवजी दोन शिफ्ट वाढवल्या असत्या तर? लेखकाला हे म्हणायचं नव्हतं हे मलाही कळतं. पण मी रात्री साडेअकराला बस धरतो, मला ते चित्र खालूनच दिसतं.

तिसरी चौकट

तो दान करतो, अनाथालयं काढतो असं दाखवलंय बऱ्याच अंकांत. पण मालिका चालू राहायची तर शहर सुधारून चालत नाही, ही लिहिणाऱ्याची अडचण. त्यातून अर्थ असा निघतो की दानाने काही होत नाही, ठोसाच लागतो.

तपोवन

मी एक गंभीर मुद्दा मांडते. एक्स-मेन, सुरुवात १९६३. म्युटंट म्हणजे जन्मानेच वेगळे, म्हणून समाज त्यांचा द्वेष करतो. हे वंशभेदाचं रूपक आहे असं सगळे कौतुकाने सांगतात. मला कॉलेजात फार आवडायचं. मग एकदा बाबांना सांगायला गेले. बाबा आयुष्यभर चळवळीत. आजोबा काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाच्या आठवणी सांगायचे, तेव्हा ते लहान होते, त्यांच्या वडिलांचं बोट धरून गेलेले. २ मार्च १९३० ला सुरू झाला, जवळपास पाच वर्षं चालला. मंदिराचे दरवाजे बंद ठेवले, रथाच्या वेळी दगड पडले, तरी दरवाजा उघडला नाही. मग १९३५ मध्ये आमच्याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

बाबांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्या सायक्लॉपच्या डोळ्यांतून काय निघतं म्हणालीस?" मी म्हटलं, किरण, भिंत फुटते. बाबा म्हणाले, "मग लोक घाबरतात त्यात चूक काय? आमच्या माणसांच्या डोळ्यांतून काही निघत नव्हतं गं. नुसतं आत जाऊन दर्शन घ्यायचं होतं."

मला उत्तर देता आलं नाही. रूपक करणाऱ्यांची भावना चांगली, पण जगच असं बांधलंय की द्वेष करणाऱ्याची भीती खरी ठरते. वर्गात शेजारी बसलेला मुलगा खरोखर शाळा उडवू शकतो. मग म्युटंटांची नोंदणी करा म्हणणारा नेता तितकासा चुकीचा वाटत नाही. ज्यांच्या बाजूने गोष्ट लिहिली त्यांच्याच विरुद्धचा पुरावा त्या गोष्टीत छापला गेलाय.

सिडकोची सई

वाचून थांबले. पुढचे प्रतिसाद नंतर वाचते.

तिसरी चौकट

@तपोवन, मी एक्स-मेनचा कट्टर चाहता, आणि याला माझ्याकडे उत्तर नाही. एक तोडका बचाव. कितीतरी म्युटंटांना काहीच शक्ती नसते, नुसतं रूप वेगळं असतं. त्या गोष्टी जास्त खऱ्या वाटतात. पण मुखपृष्ठावर ते कधी येत नाहीत.

विवेकी वडापाव

मी अंनिसचं थोडंफार काम करतो, त्यामुळे मूळ प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा. डीसी कॉमिक्समध्ये मिस्टर टेरिफिक म्हणून एक हीरो आहे, अतिशय हुशार, आणि नास्तिक. त्याच्या चमूत स्पेक्टर आहे, जो देवाच्या कोपाचा साक्षात अवतार! एकत्र मीटिंगला बसतात. लेखकाला बहुधा बुद्धिवादी माणूस आदराने दाखवायचा होता. झालं उलटंच, तो बिचारा हट्टी दिसतो. आम्ही चमत्कार करून दाखवा म्हणतो, त्याच्यासमोर रोज करून दाखवतात.

जादूटोणाविरोधी कायदा (२०१३) मार्व्हलच्या जादूगाराला, डॉक्टर स्ट्रेंजला लावता येईल का, यावर आमच्या ग्रुपवर एकदा वाद झाला होता. तथाकथित चमत्कार करून पैसे कमावणं, लोकांना फसवणं, दहशत बसवणं हा गुन्हा. स्ट्रेंज फी घेत नाही, फसवत नाही, आणि चमत्कार 'तथाकथित' नाही. सुटला.

शालिमार चौक

कुंभमेळा तोंडावर आलाय म्हणून विचारतो. थॉर शाहीस्नानाला आला तर कुठे पाठवायचा? शैव आखाडे त्र्यंबकला, वैष्णव रामकुंडावर. पुढे कोण मागे कोण यावरून एके काळी रक्त सांडलंय. आता हा हातोडा घेऊन मध्येच उभा राहिला तर बंदोबस्तावरच्या हवालदाराने काय करायचं?

मिसळ विना कांदा

हातोडा बाहेर स्टँडवर ठेवायला सांगायचं. लायक असल्याशिवाय तो कोणाला उचलतच नाही, त्यामुळे कोणी नेणार नाही याची गॅरंटी.

गोवर्धनचा पाटील

थॉर आपल्याला नवा नाही हो. ढगांचा कडकडाट, हातात फेकायचं हत्यार, पिण्याची आवड, बढाया, असुरांशी मारामाऱ्या. हा आपला इंद्र. आणि इंद्राचं आपल्याकडे काय झालं? एके काळचा सगळ्यात मोठा देव, आज इंद्राचं देऊळ शोधावं लागतं. तो नाही असं कोणी म्हटलं नाही बरं का! आहे, स्वर्गात आहे, पाऊसही पाडतो. पण कृष्णाने गोकुळात सांगितलं, आपलं पोट गाईंवर आणि ह्या डोंगरावर, पूजा डोंगराची करा. इंद्र चिडला, पाऊस पाडला, लोक डोंगराखाली जाऊन उभे राहिले. विषय संपला.

माझं गाव गोवर्धन, गंगापूर रोडला पुढे. पांडवलेण्यातल्या शिलालेखांतही गोवर्धनाचं नाव आहे, त्यामुळे या कथेवर आमचा जरा जास्त हक्क.

तर भाच्याला सांगा, देव आहे की नाही हा एक प्रश्न आणि त्याच्या पाया पडायचं की नाही हा दुसरा. आपल्याकडे हे दोन प्रश्न कधीच वेगळे झालेत. जनाबाईंसोबत विठोबा जात्यावर बसतो, दळण दळतो, आणि त्या त्याला शिव्याही घालतात. विठोबाला उडता येतं का, कोणी विचारलंय? थॉरला उडता येतं. दळायला बसेल का?

विवेकी वडापाव

पाटील, मी नास्तिक असून टाळ्या वाजवल्या.

स्पष्टवक्ता नाशिकरोड

+१. हे पटलं.

तिसरी चौकट

पाटलांच्या मुद्द्याला जोडून एक अवांतर. २०१८ च्या ब्लॅक पँथरमध्ये एक टोळी हनुमानाचा जयजयकार करते, आणि आपल्याकडे तो शब्द म्यूट करून दाखवला. कॉमिक्समध्ये ती टोळी पांढऱ्या गोरिलाची उपासक. तिकडच्या लेखकाला वाटलं असेल की वानरदेवाचं एक नाव घेतलं. इकडे थिएटरात ओठ हलतात आणि आवाज गायब. आणि त्या सिनेमातला वकांडा म्हणजे जगातला सगळ्यात पुढारलेला देश, मात्र राजा कुस्तीवर ठरतो. मतदान नाही. त्यावर कोणालाच काही म्यूट करावंसं वाटलं नाही.

ओझरचा फिटर

सरपंचपद कुस्तीवर द्या, निवडणुकीचा खर्च तरी वाचेल.

नुसताच वाचक

पहिल्यांदाच लिहितोय. मार्व्हलचा जुना कॅप्टन मार्व्हल १९८२ च्या एका पुस्तकात कॅन्सरने मरतो. मारामारीत नाही, अंथरुणावर. जगातले सगळे हुशार शास्त्रज्ञ हीरो एकत्र येतात आणि त्यांना जमत नाही. त्याच्या मनगटातल्या कड्यांमुळे औषध लागू पडत नाही असं कारण दिलंय.

आईच्या केमोच्या वेळी मी ते मोबाईलवर वाचत होतो. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, टोकन नंबर ४७, एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं. मला त्या कड्यांचा राग आला. म्हणजे कडी नसती तर बरा झाला असता? मग तुमच्या जगात बाकीचे लोक कॅन्सरने का मरतात? दुसऱ्या मितीत जाणारं यंत्र बनवणारा माणूस न्यूयॉर्कमध्ये बसलाय आणि खाली रस्त्यावर लोक टोकन घेऊन बसलेत. लेखकाने स्वतःच्या दुःखातून लिहिलं असेल, चांगलंच लिहिलंय, पण त्या जगातले देव आणि शास्त्रज्ञ मला तेव्हापासून आवडत नाहीत.

आई बरी आहे. सात वर्षं झाली.

वेंगुर्ल्याची लेक

आईंना नमस्कार सांगा.

कोर्टाच्या पायरीवर

मरणाचा विषय निघालाय तर जरा हलकं करतो, नुसताच वाचक यांची माफी मागून. सुपरमॅन नोव्हेंबर १९९२ मध्ये मेला, वर्षभरात परत आला. त्यांच्यात बहुतेक सगळेच परत येतात. वारसनोंद कशी करायची? सातबाऱ्यावर मुलाचं नाव चढलं, त्याने प्लॉट पाडून विकले, आणि वडील हजर! तलाठ्याला हार्ट ॲटॅक येईल. आपल्याकडे सात वर्षं बेपत्ता असला तर मृत मानतात. त्यांच्यात सत्तर ठेवावी लागतील.

शालिमार चौक

आणि रामकुंडात अस्थी सोडल्यावर परत आला तर?

गोवर्धनचा पाटील

त्र्यंबकला नारायण नागबळी करून घ्यायचा. परत येणार नाही.

तपोवन

पण यात एक धार्मिक मुद्दा आहेच. मरण पक्कं नसेल तर धर्माचं निम्मं काम संपतं. त्या जगातल्या साध्या माणसाला किती वाईट वाटत असेल. हीरो परत येतात, त्याची आजी येत नाही. कर्मसिद्धांत म्हणावा तर तोही लागू नाही, कारण परत येणं पुण्यावर नाही, खपावर आहे.

तिसरी चौकट

स्पायडरमॅनने २००७ मध्ये मे आंटीचा जीव वाचवायला सैतानाशी सौदा केला, बदल्यात लग्न दिलं. वीस वर्षांचा संसार पुसला गेला. संपादकांना तो परत अविवाहित हवा होता, बाकी काही नाही. पण गोष्टीतून अर्थ काय निघाला? डॉक्टर हरले, जादूगार हरले, सैतानाच्या खिडकीवर काम झालं, तेही लगेच.

सातपूर दुसरी पाळी

तिथेही दलाल असेलच.

गंगापूररोडकर

दोन दिवस रंगवाल्यांच्या मागे होतो, आता सगळं वाचून काढलं. तपोवन, वेंगुर्ल्याची लेक, नुसताच वाचक, तुम्हाला वेगळं काय लिहू.

पाटलांचं इंद्र-गोवर्धन मी भाच्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे थॉरला लोक पूर आला की फोन करत असतील, पाया पडत नसतील." मी म्हटलं, तसंच.

काल संध्याकाळी त्याला गोदाघाटावर नेलं. आई बरोबर होती. दुतोंड्या मारुतीपाशी आईने नेहमीप्रमाणे हिशोब सांगायला सुरुवात केली, पाणी मारुतीच्या पायाला लागलं की दुकानदार माल वर चढवतात, कमरेला लागलं की सराफ बाजारात धाकधूक, छातीच्या वर गेलं की मेन रोडची वाट बंद. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गच्चीवर फोनची हीच भाषा चालू होती. धरणातून किती क्युसेक सोडलं ते कोणी विचारत नव्हतं, मारुती कुठपर्यंत बुडाला एवढंच.

भाच्याने मूर्तीला पुढून-मागून चक्कर मारली. दोन्ही तोंडं बघितली. मग आईला विचारलं, "आजी, हा हनुमान ना? डोंगर उचलतो तोच? मग पूर थांबवत का नाही?"

आई म्हणाली, "तो थांबवायला नाही उभा. पाणी किती आलं ते सांगायला उभा आहे."

"मग थांबवतं कोण?"

"कोणी नाही. आपण सामान वर चढवायचं."

त्याला पटलेलं दिसलं नाही. परतताना भेळ खाताना म्हणाला की थॉर असता तर सामान चढवावं लागलं नसतं. आणि थोड्या वेळाने स्वतःच, "पण मग आजीला काही कामच उरलं नसतं." आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

तपोवन

आजींना सांगा, भेळ आणि धपाटे दोन्ही खायला येतेय.

ओझरचा फिटर

गंगापूररोडकर, तुमच्या गठ्ठ्यात बहादूरचे अंक आहेत का हो? आबिद सुरतींचा, १९७६ पासूनचा. केशरी कुडता आणि जीन्स, गावात नागरिक सुरक्षा दल काढतो, पोलिसांच्या बरोबरीने डाकूंशी लढतो. शक्ती-बिक्ती काही नाही. त्याच्याबद्दल धाग्यात कोणी काहीच लिहिलं नाही, आणि मला तर त्याच्यावरच लिहायचं होतं.

गंगापूररोडकर

आहेत काका, चार-पाच. एकाचं शेवटचं पान फाटलंय. दोन अंक डबल आहेत.

ओझरचा फिटर

डबल कोणाला देऊ नका. रविवारी येतो.